पोलिसाच्या घरचा पाहुणा

मोटार सुटेपर्यंत बाने माझ्या सदऱ्याच्या खिशावरचा हात काढला नाही. खिशात पासपोर्ट होता. "पाह्य बरं, हाय ना?" असं त्याने महागावच्या स्टँडवर चारदा विचारलं. माय पदर तोंडाला लावून उभी होती, मागे आमच्या वस्तीतली माणसं. अमेरिका किती लांब, हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नकाशापुरतंच. पण सगळ्यांना एकच धास्ती होती, ऐनवेळी कुणीतरी येऊन मला खाली उतरवील.

धास्ती उगाच नव्हती. इतिहासाच्या सरांनी मला एका योजनेसाठी अर्ज करायला लावला होता. वर्षभर परदेशी कॉलेजात शिकायचं, तिथल्या एका कुटुंबात राहायचं आणि परत येऊन आपल्या मुलांना ते जग सांगायचं. माझी निवड झाली. पासपोर्टच्या चौकशीसाठी पोलीस ठाण्याचा जमादार गावात आला, त्याने माझं नाव घेऊन बाला विचारलं, आणि बा म्हणाला, "असं पोरगं आमच्या घरी नाई, साहेब."

हे वाचून हसू येईल. पण आमच्या वस्तीत पोलिसाने नाव घेतलं की पहिलं उत्तर तेच असे. गावात कुणाचं भांडं हरवलं तरी झडती आधी आमच्याकडे. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, मायने देव्हारा रिकामा केला, मी पुढे बी.ए. झालो, ते उत्तर तेवढं बदललं नव्हतं. मी त्या दिवशी यवतमाळला होतो. जमादाराने लिहून टाकलं, या नावाचा इसम गावी राहत नाही.

सर गावात येऊन समजावून गेले, तेव्हा बा धुतलेलं धोतर नेसून ठाण्यात गेला. "पोरगं माहंच हाय साहेब. भेव वाटलं म्हणून नाई म्हटलं."

"मंग आता कुठून पैदा झालं बे?" जमादार म्हणाला. तासभर बाहेर उभं करून त्याने दुसरा कागद लिहिला. जहाजाला आठ दिवस उरले असताना पासपोर्ट हातात पडला.

तिकडे मक्याच्या शेतांमधलं लहानसं गाव. माझे यजमान बेकर. पहिल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात बसलो होतो, दार उघडलं आणि ते आत आले. अंगात वर्दी, कमरेला पिस्तूल. ते त्या गावचे पोलीस होते. मी ताडकन उभा राहिलो. ते बसा म्हणाले, मला बसवेना. ही हिंदुस्थानातली रीत असावी असं वाटून तेही उभेच राहिले. चार दिवस आम्ही दोघं असेच समोरासमोर ताटकळत असू, आणि बेकरबाई म्हणत, "तुमचं संपलं असेल तर सूप गरम आहे."

मी घरी लिहिलं, यजमान सरकारी नोकरीत आहेत. गावच्या गुरुजींच्या अक्षरात बाचं उत्तर आलं: "कोनत्या नोकरीत?" मी पुढच्या पत्रात बर्फाबद्दल लिहिलं. त्याच्या पुढच्यात मक्याबद्दल. खरं कळलं तर बाची झोप उडेल, तो मला परत बोलावील, आणि वर्ष अर्धवट टाकून मला जावं लागेल, याची मला खात्री होती. कारण बाने बोलावल्यावर न जाणं मला जमलं नसतं. वर्गात मी जगाच्या शांततेवर निबंध लिहीत होतो आणि एका पोलिसाच्या घरी जेवतो हे बापाला लिहायची हिंमत होत नव्हती.

मग बेकरांनी फोटो काढवून घेतला. वर्दीत ते, शेजारी मी, त्यांचा हात माझ्या खांद्यावर. "हा तुझ्या वडिलांना," ते म्हणाले. तो न पाठवणं म्हणजे त्यांच्याशीही खोटं वागणं. मी सगळं खरं लिहिलं, फोटो घातला आणि पाकीट टाकलं. नंतरचे सहा आठवडे पोस्टमनची गाडी दिसली की मी आधीच दारात जाऊन उभा राहायचो.

उत्तर आलं. गुरुजींनी बाचे शब्द जसेच्या तसे उतरवले होते. "फोटो पाह्यला. दोन दिवस मले समजे नाई, तुले धरलं का पाहुना म्हणून ठेवलं. माय तं रडून राह्यली होती. गुरुजीनं तुहं पत्र तीनदा वाचलं. मंग म्या फोटो घेऊन ठाण्यात गेलतो. जमादाराले म्हटलं, पाहा साहेब, तिथं असा हात ठेवतेत. त्यानं फोटो हातात घेऊन पाह्यला. मले खुर्ची देल्ली नाई, पन बाहेरही उभं ठेवलं नाई. तुह्या साहेबाले सांग, इकडं आला तं आमच्या घरी जेवाले ये. वर्दीतच ये म्हना. वस्तीनं पाह्यलं पाह्यजे."

बेकरांना मी ते वाचून दाखवलं. ठाण्यात बाहेर उभं न ठेवणं ही एवढी चांगली बातमी कशी, हे त्यांना कळेना. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना झडत्यांबद्दल सांगितलं. त्यांनी पिस्तुलाचा पट्टा सोडून खुंटीवर टांगला आणि मग माझ्यासमोर बसले.

आता मी नागपूरला शिकवतो. दरवर्षी एकदोन मुलांचे अर्ज भरून देतो. ती विचारतात, कोट लागेल का, तिखट मिळेल का. मी आधी त्यांच्या घरी जाऊन बापाजवळ बसतो. मुलं गेल्यावर पहिलं पत्र येईपर्यंत मलाही चैन नसते.

गावाकडच्यांनो आणि गाव सोडून गेलेल्यांनो, घर म्हणजे काय ते मला एवढंच कळलं आहे: ज्यांना खरं लिहायची हिंमत होत नाही आणि तरी ज्यांच्यापासून लपवून राहवत नाही, ती माणसं जिथे पत्राची वाट पाहतात, ते घर.