जिथे रेघ यायला नको होती

डॉ. कुमुद दिवेकर यांच्याशी माझा पहिला परिचय झाला, तो मी त्यांच्याशी भांडायला गेलो तेव्हा. गौरवग्रंथात असं लिहू नये एवढं मला कळतं. पण संपादक मंडळींनी माझ्या ताईकडे, म्हणजे बाईंची विद्यार्थिनी वैशाली मोरे हिच्याकडे लेख मागितला, तेव्हा बाई तिला म्हणाल्या, "तू लिहिशीलच. पण तुझ्या भावालाही लिहू दे. सगळे हार घेऊन येणार, एक तरी भांडायला आलेला हवा." म्हणून दहावी नापास, धंद्याने वेल्डर आणि सध्या आखातात एका तेलाच्या प्लांटवर असलेला मी, या मोठ्या लोकांच्या पंगतीत येऊन बसलो आहे. आज शुक्रवार, सुट्टी. खोलीतले बाकीचे क्रिकेट बघतायत आणि मी कागद फाडतोय. बाईंबद्दल लिहायला बसलं की मला बसवत नाही, उठून फेऱ्या माराव्याशा वाटतात.

तसं मला कुठेच बसवत नाही. आमचे पूर्वज बडोद्याला गायकवाडी फौजेत होते. फौज गेली, पण पायाची भिंगरी घरात राहिली ती माझ्या वाट्याला आली. रावपुऱ्यातल्या गॅरेजमध्ये लागलो, सोडलं. बाजव्याला रिफायनरीच्या बाजूला कंत्राटदाराकडे वेल्डिंग शिकलो, तिथलंही सोडलं आणि विमानात बसलो. त्या वर्षांत बडोद्यात रोज नवीन काहीतरी उघडत होतं आणि मला सारखं वाटायचं की आपल्याला सोडून गाडी निघाली. ताई माझ्या अगदी उलट. ती विद्यापीठात बाईंच्या प्रयोगशाळेत शिरली आणि तिथेच राहिली. पांढरे उंदीर, नळ्या, काळोखी खोली, फिल्म. घरी कुणाला काही कळायचं नाही, पण आई शेजारणींना सांगायची, "आमची वैशू डॉक्टर होणार, सुईवाली नाही, पुस्तकातली."

मी सुट्टीवर आलो तेव्हा तो दिवस जवळ आला होता. ताईचा प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता. एका औषध कंपनीने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, प्रबंध दिला की रुजू व्हायचं. मला वाटलं होतं, दारातच पेढा मिळेल. दारात आई होती आणि ताई आत भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"काय झालं?"

"त्या बाईंनी सगळं उलटवलं," आई म्हणाली. "चांगलं आलेलं काम, आता म्हणतात खोटं आहे."

मी बॅगही उघडली नाही. स्कूटर काढली आणि थेट विभागात गेलो. जिन्याच्या तोंडाशी तिथले जुने शिपाई कांतिभाई बसले होते.

"बेन अंदर छे," ते म्हणाले. "पण भाई, आजे बोलशो नहीं. मगज ठेकाणे नथी."

मी म्हटलं, "माझंही नाही."

बाई खिडकीशी उभ्या होत्या. सुती साडीवर पांढरा कोट, एका हातात रबरी मोजा, दुसऱ्या हातात उजेडाकडे धरलेली फिल्म. वळल्या नाहीत.

"कोण?"

"वैशालीचा भाऊ."

"संजू ना? बस."

"बसायला नाही आलो."

"मग उभ्याने बोल. पण त्या टेबलाला टेकू नकोस, ॲसिड सांडलंय."

मी बोललो. जे तोंडात आलं ते सगळं बोललो. "ताईने फोनवर सांगितलं होतं, तुम्हीच म्हणालात फिल्मवर रेघ छान आली. तुम्हीच सगळ्यांना सेव-उसळ खायला घातलीत. आता म्हणता खोटी?"

"हो."

"हो काय?"

"रेघ खोटी निघाली. आणि तपासायच्या आधी सेव-उसळ घातली, ती चूक माझी. या प्रयोगशाळेत रेघ आली की सेव-उसळ, अशी पद्धत मीच पाडली." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "डोळे का एवढे लाल? रडलास?"

"वेल्डर आहे मी."

"काळी काच न लावता वेल्डिंग मारतोस?"

"कधी कधी."

"गाढव आहेस," त्या म्हणाल्या आणि मला सिंककडे नेऊन डोळ्यांवर गार पाणी मारायला लावलं. माणूस भांडायला आलाय आणि तुम्ही त्याचं तोंड धुवून देता, मग तो भांडणार कसा? मी रुमालाने तोंड पुसलं आणि स्टुलावर बसलो.

बाईंची शिकवण्याची रीत काय होती, हे त्यांच्या विद्यार्थ्यांनी या ग्रंथात लिहिलं असेलच. मला जो एक तास मिळाला तो असा.

"रावपुऱ्यात राहतोस ना? कापडाच्या दुकानात ताके कसे ठेवतात?"

"गुंडाळून. फळीवर."

"उघडून कोण दाखवतं?"

"सेल्समन."

"आपल्या प्रत्येक पेशीत तसंच आहे. आईबापांकडून आलेली सगळी माहिती ताक्यांसारखी गच्च गुंडाळलेली. ती गुंडाळी सरकवून हवा तेवढाच भाग मोकळा करणारी काही प्रथिनं असतात. तुझी ताई त्यातल्या एकाच्या मागे आहे. समज, त्याचं नाव रमेशभाई."

"खरं नाव काय?"

"खरं नाव गाडीच्या नंबरासारखं आहे. जिना उतरेपर्यंत विसरशील." मला हसू आलं, ते मी दाबलं. बाई पुढे म्हणाल्या, "रमेशभाई नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याला ओळखणारा एक माणूस आणायचा. त्याला अँटिबॉडी म्हणतात. परदेशातून बर्फात येते, एवढीशी नळी. हा माणूस दुकानात जातो, रमेशभाईच्या खांद्यावर हात ठेवतो, की फिल्मवर तिथे रेघ उमटते. आता गंमत अशी, की रमेशभाई प्रत्येक दुकानात असतोच. यकृतात आहे, मेंदूत आहे, मूत्रपिंडात आहे. आम्ही जिथे जिथे पाठवला तिथे तिथे याने हात ठेवला. आम्ही खूश. साखरेचा आजार झालेल्या उंदरांच्या यकृतात रेघ फिकी पडली, आणखी खूश. वैशालीचा अख्खा प्रबंध त्या फिकेपणावर उभा राहिला. पण मला सांग, जो माणूस प्रत्येक दुकानात कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर हात ठेवतोच, तो रमेशभाईला ओळखतो कशावरून?"

"मग काय करायचं?"

"त्याला अशा दुकानात पाठवायचा, जिथे रमेशभाई नाहीच. कर्करोगाच्या काही पेशी अशा असतात की त्यांच्यातून हे प्रथिन नाहीसं झालेलं असतं. ओळखीच्या एका प्रयोगशाळेतून त्या मागवल्या. वैशालीनेच वाढवल्या, तिनेच फिल्म काढली."

"आणि तिथेही ठेवला हात?"

"तिथेही. तितक्याच प्रेमाने."

त्यांनी फिल्म माझ्या हातात दिली. आता, फिल्म ही माझ्या धंद्यातलीही गोष्ट. पाइपाचा जॉइंट मारला की त्याचा एक्स-रे काढतात. वरून जॉइंट आरशासारखा दिसतो आणि फिल्म उजेडाकडे धरली की आत पोकळी निघते. ही फिल्म हाताला तशीच लागत होती, तोच वास, तोच करडा रंग. मी ती खिडकीकडे धरली. रेघांची ओळ होती आणि शेवटच्या, जिथे काहीच यायला नको होतं त्या जागी, काळी ठळक रेघ.

"आमच्याकडे हा जॉइंट कापला असता," मी म्हणालो.

"आम्हीही कापला. पण जॉइंट कापला म्हणून वेल्डरला घरी बसवतात का?"

"नाही. परत मारायला लावतात."

"मग घरी जाऊन तिला तेवढंच सांग. माझ्याकडून ऐकायची तिची तयारी नाही आज. आणि जाताना तो काळा चष्मा विकत घे."

बाईंच्या सचोटीबद्दल इथे बरेच जण लिहितील. मला नंतर ताईकडून कळलं ते एवढंच सांगतो. एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी सुचवलं होतं की ती शेवटची फिल्म प्रबंधात घालूच नका, परीक्षक विचारणार नाहीत, मुलीचं नुकसान कशाला? बाईंनी हे ताईपासून लपवलं नाही. तिला समोर बसवून सांगितलं, "असाही एक रस्ता आहे. मी त्यावर सही करणार नाही. पण तुला त्या रस्त्याने जायचं असेल तर दुसरे मार्गदर्शक घे, मी मोकळं करते, राग धरणार नाही." ताई तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडली होती. रस्ता दाखवून वर निवड तिच्यावर टाकली, याचाच तिला जास्त राग होता.

मी घरी गेलो. ताई उठून बसली. "काय म्हणाल्या?"

"परत मार म्हणाल्या."

"अशा शब्दांत?"

"जवळजवळ."

"कंपनीची जागा जाईल रे संजू."

"जाईल," मी म्हटलं. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "तू भांडायला गेला होतास की त्यांची बाजू घ्यायला?" ताई उठली, केस विंचरले, घट्ट वेणी घातली आणि म्हणाली, "स्कूटर काढ."

दुसऱ्या कंपनीची अँटिबॉडी मागवली होती, ती यायच्या आत माझी सुट्टी संपली. इकडे मी पाइप जोडत होतो, पण डोक्यात रमेशभाई. फोनच्या दुकानात रांग लावायची, नंबर लागला की लाइन कटायची. कंपनीची जागा गेली, हे त्या रांगेतच कळलं. आणि मग एकदा ताईचा आवाज वेगळा आला.

"त्या पेशींची जागा कोरी आहे, संजू. एकदम कोरी! बाकी सगळीकडे रेघ आहे."

"म्हणजे ही खरी! आणि उंदरांत फिकी पडते ना?"

"नाही पडत. सारखीच आहे."

"म्हणजे काहीच हाती लागलं नाही?"

"काहीच बदलत नाही, हे हाती लागलं." हे वाक्य बाईंचं असणार, मी ओळखलं. त्या दिवशी बाईंनी अख्ख्या विभागाला सेव-उसळ मागवली. कोऱ्या जागेची सेव-उसळ! कांतिभाई म्हणाले, "पण बेन, आजे तो कंई आव्युं नथी." बाई म्हणाल्या, "एटले ज, कांतिभाई." म्हणजे, म्हणूनच तर.

पहिला निष्कर्ष बाईंनी आधी एका परिषदेत ताईचं नाव घेऊन अभिमानाने मांडला होता. पुढच्या परिषदेत त्या स्वतःहून उठल्या आणि तो मागे घेतला, तेव्हा मात्र ताईचं नाव घेतलं नाही, "माझ्या प्रयोगशाळेची चूक" म्हणाल्या. मग प्रबंध नव्याने लिहायला घेतला. कारेलीबागेतल्या स्वतःच्या घरी ताईला जेवायला बसवून त्या पान न् पान वाचायच्या आणि उशीर झाला की मोपेडवरून रावपुऱ्यात सोडायच्या. आई दारातून म्हणायची, "या ना वर." बाई म्हणायच्या, "पोरीला पदवी मिळू दे, मग येते." आईचा राग हळूहळू उतरला, भीती उतरली नाही. काही सापडलं नाही असं लिहिणाऱ्या मुलीला डॉक्टर कोण करणार? ही भीती मलाही होती. कुणाला सांगितलं नाही, पण होती.

मला एका जागी टिकता येत नाही, तसं बाईंनाही चैन पडत नाही, हे मी त्या सुट्टीत पाहिलंय. फरक एवढाच की मला नवी जागा लागते आणि बाई त्याच जागी पुन्हा पुन्हा जातात. छान आलेल्या रेघेवर त्यांना झोप लागत नाही. मी आताशा नोकरी सोडायची म्हटलं की आधी एक जॉइंट नीट पुरा करतो. फार नाही, पण तेवढं बाईंमुळे झालं. काळा चष्माही लावतो.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी दुपारपासून फोनच्या दुकानात होतो. विभागाचा फोन कांतिभाईंनी उचलला आणि कुणाच्या तरी हातात दिला.

"बाई? संजू बोलतोय. काय झालं?"

"प्रश्न पुष्कळ विचारले. एक तर विचारला, एवढं करून तुम्हाला मिळालं काय?"

"मग ताई काय म्हणाली?"

"ते तिलाच विचार. थांब जरा, डॉक्टर मोरे हात धुतायत, बोलावते."

मी रिसीव्हर कानाला धरून उभा राहिलो. मागे रांगेतला एकजण ओरडत होता, "भाई, जल्दी करो."

ताई आता महाविद्यालयात शिकवते आणि सुटली की बाईंच्या प्रयोगशाळेत जाते. कारण पहिल्या अँटिबॉडीने ज्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि जो आजारी उंदरांत खरोखरच फिका पडत होता, तो कोण, हे अजून कळलेलं नाही. बाई साठ वर्षांच्या झाल्या, निवृत्तीचे हार तयार आहेत, आणि फोनवर त्या मला सांगतात, "संजू, त्याचं नाव कळल्याशिवाय मी घरी बसणार नाही." बसू नका, बाई. तुमचे गुडघे तो जिना चढत राहोत, डोळे फिल्म वाचत राहोत, आणि तो जो कोणी आहे तो सापडायला कितीही वर्षं लागोत, तेवढी सगळी तुम्हाला धडधाकट मिळोत. आणि त्याच्यानंतरची थोडी आमच्या घरी वर येऊन बसायला. आई अजून दारात उभी आहे.