चेंडू बरोबरच होता

निखिल गेल्याचं दादानं फोनवर सांगितलं. ‘हायवेवर ॲक्सिडेंट झाला गं... गेला आपला निखिल,’ एवढंच बोलता आलं त्याला. खरं सांगते, रडू फुटायच्या आधी मला त्याच्या जुन्या संघातल्या टायलरचा राग आला. त्या अपघाताशी टायलरचा काडीचाही संबंध नव्हता. पण माझा भाचा आता कधीच काही बोलणार नव्हता आणि हा माणूस सुखानं जगणार होता.

निखिल अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघात लाँग स्नॅपर होता. खाली वाकून, स्वतःच्या पायांमधून मागे बघत चेंडू मागे फेकायचा, म्हणजे स्नॅप, हे त्याचं काम. मागे गुडघ्यावर बसलेला होल्डर तो झेलून जमिनीवर उभा धरतो, मग किकर लाथ मारतो. सगळं नीट झालं तर स्नॅपरचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. अमेरिकेत, फ्रिस्कोतल्या आमच्या घरामागे सरावाला होल्डर मी असायचे, ओढणी कमरेला खोचून. ‘आत्या, तू हात ओपन केलास की मी बॉल सोडणार. म्हणजे तू रेडी आहेस, ओके?’ एकदा हात उघडून मी शेजारणीकडे बघितलं आणि चेंडू कानशिलावर बसला. तो नियम मला तेव्हा जो कळला, तो कायमचा.

पुढे एका महत्त्वाच्या सामन्यात, शेवटच्या किकला, होल्डर टायलरच्या हातून चेंडू निसटला आणि संघ हरला. स्नॅप उंच आला, असं टायलरनं पत्रकारांना सांगितलं. संघानं निखिलला नारळ दिला. मी खोदून खोदून विचारल्यावर तो म्हणाला, ‘ही ओपन्ड हिज हँड, आत्या. मग वर स्कोअरबोर्डच्या घड्याळाकडे बघितलं.’ मग सांगत का नाहीस? ‘दॅट्स नॉट द जॉब. आणि बाबांनाही सांगू नकोस.’ त्या दिवसापासून दादा मुलाशी खेळाबद्दल अवाक्षर बोलला नाही. मराठी मंडळात कुणी निखिलची चौकशी केली की खाली बघायचा. निखिलला ते दिसायचं... तो नुसता हसायचा.

शोकसभेला टायलर फुलं घेऊन आला. दोन शब्द बोलायचे म्हणाला. मी म्हटलं, जरूर बोल. ‘तो मला भावासारखा होता’ वगैरे सुरू झाल्यावर मी उठले आणि सगळ्यांसमोर इंग्रजीत विचारलं, ‘त्या किकला हात उघडल्यावर तू कुठे बघत होतास?’ त्यानं टाळायचा प्रयत्न केला. मी खाली बसले नाही.

‘घड्याळाकडे, मॅम,’ तो शेवटी म्हणाला. ‘स्नॅप बरोबरच होता.’

त्याचा पडलेला चेहरा मी डोळे भरून पाहिला. फार बरं वाटलं, लपवत नाही. आणि माझा रोख पहिल्या रांगेत बसलेल्या दादावरही होता, तेही लपवत नाही. बाहेर पार्किंगमध्ये दादानं विचारलं, ‘तुला माहीत होतं? मला का नाही सांगितलंस?’

‘त्याला तू कधी विचारलंस?’ मी म्हटलं.

टायलरला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण दादाकडे आता संध्याकाळी गेले की तो निखिलच्या खोलीत त्या सामन्याचं रेकॉर्डिंग लावून बसलेला असतो. टायलरकडे तो बघतसुद्धा नाही. चेंडू सुटायच्या आधीच चित्र थांबवतो. तिथे हेल्मेटच्या जाळीआड, पायांच्या मधून, निखिलचा चेहरा दिसतो... उलटा. तो सुलटा दिसावा म्हणून दादा मान वाकडी करत करत जवळजवळ आडवा होतो आणि तसाच बघत राहतो.