केळीचा डाग आणि मेघनाची पाटी

"डाग असेल तर बोटाला लागणार नाही. हात फिरवून सांग," वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टर मॅडम एका शिकाऊ डॉक्टर पोरीला म्हणाल्या. तिने माझ्या कमरेवरचा करदोडा बाजूला सरकवून बोट फिरवलं.

"मॅडम, खपली आहे. कडेने लाल आहे."

"स्क्रब टायफस," मॅडम म्हणाल्या.

गवता-झुडपांतला डोळ्यांना न दिसणारा किडा चावला की हा ताप येतो. चावल्या जागी काळी खपली धरते, तिला एश्चर म्हणतात. ती दुखत नाही, खाजत नाही. म्हणून कोणी सांगत नाही.

मी तर उलटंच सांगितलं होतं. बुऱ्हाणपूरजवळ शाहपूरला आमची केळीची बाग आहे. केळीच्या चिकाचे काळे डाग आमच्या अंगाला पाचवीला पुजलेले. गावातल्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मीच ठासून म्हणालो, "केयीचा डाग हाये, साहेब." करदोडा काढायचा नसतो, त्यामुळे पुढे कोणी बघितलंही नाही.

मलेरिया नाही, डेंगू नाही. बुऱ्हाणपुरात सलाइन झाले. आठव्या दिवशी धाप लागली, मी बरळू लागलो. तेव्हा माझी मुलगी मेघना मला तिच्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात घेऊन आली. ती तिथेच, या मॅडमच्या हाताखाली एमडी करते.

खरं सांगतो, दोन महिने मी तिच्याशी बोलत नव्हतो. तिच्या दवाखान्याची पाटीसुद्धा मी रंगवून घेतली होती आणि ही म्हणते, "आबा, मला दवाखाना नाही टाकायचा. मॅडमसारखं शिकवायचंय." मास्तरकीच करायची होती तर डॉक्टर कशाला झालीस, असं मी चारचौघांत बोललो. लाज वाटते आता.

डॉक्सिसायक्लिन नावाचं जुनं, साधं औषध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. मी मॅडमना विचारलं, "त्या शिकाऊ पोरीला कशाला लावलं? तुम्हीच बघायचं ना."

"मी एकटी किती पेशंट बघणार, काका? ही उद्या डोईफोडियासारख्या गावातल्या दवाखान्यात जाईल. तिथे मी नसणार."

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला.

भेटायला साडू आले. म्हणाले, "मेघना मास्तरीण होनार म्हने? एवढं शिकून क्या फायदा?"

"होणार! आणि तुमाले ताप येईन ना, तवा तिनं शिकवलेलाच डॉक्टर शोधजा," मी म्हणालो. साडू चहा न घेता गेले. जाऊ देत.

डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरापोरींनो, तुमचेही बाप पाटी रंगवून बसले असतील. शिकवावंसं वाटत असेल तर खुशाल शिकवा. आम्ही रुसतो, आदळआपट करतो, पण त्याने मरत नाही. खपली कोणी ओळखली नाही, तर मात्र मरतो.

डिस्चार्जच्या सकाळी मेघना आठ विद्यार्थिनी घेऊन आली. त्यांना ती शिकवणार होती. मीच सदरा वर केला.

"काका, हे काळं काय आहे?" एकीने विचारलं.

मी मेघनाकडे बघितलं आणि छातीठोकपणे म्हणालो, "केयीचा डाग हाये."

पोरगी खाली वाकली. मग म्हणाली, "हात फिरवून बघू?"

माझं तिने ऐकलं नाही. मेघनाने तरी कुठे ऐकलं होतं? बरं झालं.