आवाज न होणारी मारामारी

पंचनदराव कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी खोली न्याहाळत. मग हळूच म्हणत, "इथून ढकलला तर तो तिकडे पडणार." तलवारपटांचे दिग्दर्शक होते ते. मद्रासला, कोडंबाक्कमच्या स्टुडिओत मी त्यांचा संकलक होतो. मी कोल्हापूरचा, ते तंजावरचे मराठी. म्हणून आमचं जमलं.

"मज कोण्ही हासवायला सांगत नाही, बा," ते कुरकुरत. "अवघ्यांस सण्डै पाहिजे." सण्डै म्हणजे मारामारी. बिचारे खरोखरच विटले होते.

आणि एके दिवशी त्यांनी भलतीच कथा काढली. दोन भाऊ घरासाठी काकाचा खून करतात, पण प्रेत हलवायला सवडच मिळत नाही. सारखं कुणीतरी भेटायला येतं, आणि कॉफी घेतल्याशिवाय उठेल तो मद्रासचा पाहुणा कसला! चित्रपटात एकही तलवार नव्हती. राव इतके खूश होते की मलाच धास्ती वाटायला लागली.

जॉर्ज टाउनच्या वितरकांनी चित्रपट पाहिला. पोट धरून हसले आणि उठताना म्हणाले, "सण्डै कुठंय, सार? त्याशिवाय आम्ही पिक्चर घेणार नाही."

राव काही दिवस घराबाहेरच पडले नाहीत. मग आले आणि म्हणाले, "देतों त्यांस सण्डै." त्यांनी त्या भावांची प्रेताशेजारीच जुंपवून दिली. पण बाहेर पाहुणे कॉफी पीत बसलेले, त्यामुळे आवाज करायची सोय नाही! पितळी हंडा पडायला लागला की मारणाराच तो झेलतो, अलगद खाली ठेवतो आणि पुन्हा भावाचा गळा धरतो.

थिएटर हसून हसून लोळलं. मला वाटलं, सुटले राव. कसले सुटतात! आता प्रत्येक निर्मात्याला तसलीच मारामारी हवी झाली. पौराणिक चित्रपटातसुद्धा हंडे आले. "आधी तलवारींत अडकलों, आतां भांड्यांत," ते म्हणत. मग तेही म्हणेनासे झाले. शेवटपर्यंत त्यांनी हंडेच झेलायला लावले.

ते वारले तेव्हा मैलापूरच्या त्यांच्या घरी आम्ही सगळे जमलो. कुणाचा तरी धक्का लागून पाण्याचा हंडा कलंडला. त्यांच्याकडचे दोन मारामारीवाले झेपावले, हंडा झेलला आणि अलगद खाली ठेवला. जराही आवाज झाला नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकाला हसू फुटलं. त्याने उपरणं तोंडात कोंबलं. पाठोपाठ मीही रुमाल धरला. रडताना हसू आवरत नव्हतं.

रावांच्या बायकोने, कावेरीबाईंनी मान वर केली. "मोठ्यान हासा," त्या म्हणाल्या. "आतां त्यांस कोण्ही सण्डै मागत नाही."