डोक्यावर मारायचं नाही

आमच्या घरात मारामारीला एकच नियम होता. माझ्या डोक्यावर मारायचं नाही. पाठ, दंड, पोटऱ्या, सगळं खुलं. बाप पट्ट्याने मारायचा, आई हाताला लागेल त्याने मारायची, आणि मारताना दोघंही माझी मानगूट धरून मला आधी पाठमोरी करायचे, म्हणजे हात चुकूनसुद्धा वर जाऊ नये. दादाला तसली सवलत नव्हती. तो बिचारा कुठेही खायचा.

कारण माझ्या डोक्यात नळी आहे. उजव्या कानामागून निघते, मानेतून कातडीखालून उतरते आणि पोटात जाते. डोक्यात साठणारं पाणी ती खाली नेते. डॉक्टर शंट म्हणतात, आम्ही नळीच म्हणतो. कानामागे चिंचोक्याएवढी गाठ हाताला लागते. मान वळवली की गळ्यावर दोरी ताणल्यासारखी दिसते, म्हणून मी केस कायम उजवीकडे घेते. पार्लरवालीला कंगवा हळू चालव म्हणून आधी बजावून ठेवते.

ही नळी मला काकीमुळे मिळाली. काकी म्हणजे बापाच्या धाकट्या भावाची बायको. आमच्याकडे तान्ह्या पोराची टाळू भरतात, म्हणजे आंघोळीआधी कोमट तेल टाळूवर जिरवतात आणि ती रोज थोडी खाली बसते का ते बघतात. मी तीन महिन्यांची होते, आई तापाने पडली होती, म्हणून काकी मला पायांवर घेऊन तेल लावायची. एक दिवस तिने आईला हाक मारली. "वयनी, तेल ठरत नाय इच्या टाळूवर. सगळा खाली वघळतंय. ही टाळू नाय, फुगा झालाय." बाप म्हणाला, होईल बरं. काकीने ऐकलं नाही. कोन गावाच्या नाक्यावरून एसटी धरली आणि मला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे म्हणाले, अजून पंधरा दिवस थांबला असतात तर पोरगी आंधळी झाली असती, नाहीतर गेली असती. ही गोष्ट काकीने मला कधी सांगितली नाही. आईने सांगितली, तीही भांडणं सुरू व्हायच्या आधी.

भांडणं घरामागच्या सामाईक जागेवरून. आमचं आणि काकाचं घर भिंतीला भिंत लागून, आणि मागे वडिलोपार्जित तुकडा, त्याची कधी वाटणी झाली नव्हती. मी दहा वर्षांची असताना काका आणि बाप तिथे एकमेकांवर धावून गेले. काकाने चुलीचं लाकूड उचललं. मी बापाचा शर्ट धरून उभी होते ती मध्ये आले. आणि काकी ओसरीवरून किंचाळली, "नळी! तिची नळी!"

काकाचा हात वरच्या वर राहिला. लाकूड त्याने टाकून दिलं. मग तो चक्क रडला.

त्या दिवशी सगळ्या घराला कळलं की माझं डोकं काय कामाचं आहे. त्यानंतर भांडण कुठलंही असो, नळावरचं, रिक्षा लावण्यावरचं, हळदीतल्या डीजेवरचं, बाप म्हणायचा, "हिला घ्या फुडं." आणि मी पुढे. माझ्यावर हात उचलायची कोणाच्या बापाची टाप नव्हती, कारण फटका चुकला तर खुनाचाच गुन्हा. मी मात्र मारू शकत होते. मी मारलं. चावले, ओरबाडलं, दगड घातले. पंधराव्या वर्षी काकाच्या मुलाचा, माझ्याच वयाच्या चुलतभावाचा, पुढचा दात मी पितळेच्या तांब्याने पाडला. त्याने हात उगारला आणि माझ्या डोक्याकडे बघून पुन्हा खाली घेतला. तोंडातून रक्त गळत असताना त्याने दोन्ही हात पाठीमागे धरले. पुढे मी समोर आले की तो नेहमी तसाच उभा राहायचा, हात पाठीमागे. आम्ही घरी त्याची नक्कल करून हसायचो.

मला मजा यायची हो. खोटं कशाला बोलू? शाळेत मला कवायतीला घेत नव्हते, झाडावर चढू देत नव्हते, लग्नात नाचायला लागले की कोणीतरी हात धरून खुर्चीत बसवायचं. एक स्थळ आलं होतं, मुलाच्या आईने चहा घेता घेता माझ्या कानामागे बोट लावून बघितलं. मी पोह्यांची बशी तिच्या मांडीवर उलटी केली. सगळीकडे मी जपून ठेवायची वस्तू. फक्त भांडणात मी सगळ्यांच्या पुढे.

नोकरी मला जासईच्या कंटेनर यार्डात लागली, गेटवर गाड्यांची नोंद करायची. एका ट्रेलरवाल्याने खिडकीतून माझी ओढणी खेचली तर मी त्याला रजिस्टरने थोबाडलं. तो उतरून अंगावर आला, तोवर सगळं गेट ओरडलं, "अरे, तिच्या डोक्यात नळी हाय!" तो बिचकून मागे सरला. मी हसत पुढची गाडी घेतली. घरी आल्यावर आईने माझी दृष्ट काढली.

बाप गेला, काका गेला, भांडण काही गेलं नाही. उलट इकडे रस्ते आले, विमानतळ आला, जमिनीला भाव आला आणि भावकीला चेव आला. शेवटी दोन वर्षांपूर्वी त्या तुकड्याची सरकारी मोजणी ठरली. गुरुवारची.

रविवारी सकाळी उठले तर डोकं फुटत होतं. उलटी झाली आणि उलटीनंतर थोडं हलकं वाटलं. सोमवारी तेच. मंगळवारी गेटवर एका गाडीच्या दोन गाड्या दिसायला लागल्या. नळी असलेल्या माणसाला साध्या डोकेदुखीचीसुद्धा मुभा नसते. दर वेळी मनात तेच, ऊन लागलं की नळी तुंबली? या वेळी मला माहीत होतं. सकाळची डोकेदुखी आणि सकाळचीच उलटी, हे मला लहानपणापासून पाठ करून दिलेलं. सातव्या वर्षी नळी बदलली तेव्हाही असंच झालं होतं.

तरी मी बोलले नाही. आई म्हणाली पित्त असेल, मी म्हटलं हो, पित्तच. दादा म्हणाला होता, "गुरवारी तू पायजेस. तुज्याशिवाय ते आयकायचे नाय." पस्तिशी उलटलेल्या बाईला घरात कोणी इतकं हवं असणं, त्याची चव वाईट असते. एकदा लागली की सुटत नाही. म्हटलं मोजणी झाली की शुक्रवारी जाऊ डॉक्टरकडे.

आणि राग. तसा माझ्या नाकावर राग कायमचाच, पण हा माझा नव्हता. बुधवारी आमटीत मीठ कमी म्हणून मी पातेलं भिंतीवर फेकलं. दादाच्या बायकोने पुसायला फडकं घेतलं तर तिचा हात पिरगळला. ती ओरडली. तिची दोन पोरं दारात थिजून उभी. दुसऱ्या कुठल्याही घरात म्हटलं असतं की हिला काहीतरी होतंय, हिला दवाखान्यात न्या. नळीची माणसं तुंबली की अशी पिसाळतात, हे डॉक्टरांनी आईला केव्हाच सांगून ठेवलेलं. पण आमच्या घरात माझ्या रागाचं कौतुक होतं. दादा खूष होऊन हसला. "बाय आत्ताच तापली हाय. उद्या त्यांची काय खैर नाय."

आईही हसली. भिंतीवरची आमटी तशीच वघळत होती.

गुरुवारी अकराच्या सुमाराला मोजणीवाला यंत्र लावून उभा राहिला. एकीकडे आम्ही, एकीकडे काकी आणि तिचा मुलगा. चुलतभाऊ शांतपणे एवढंच म्हणाला की ही खुंटी आमच्याकडे आत आलीय, पुन्हा मोजा. बस. दादाने मागून माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याने ढकललं नाही. त्याची गरजच नव्हती.

मी डोकं खाली घालून गेले. ऊन डोळ्यांत सुयांसारखं टोचत होतं. "मार ना," मी ओरडले, "मार डोक्यात! हाय हिंमत?" डोकं त्याच्या छातीवर टेकवून ढकलत राहिले, तो एकेक पाऊल मागे जात राहिला. मग मी त्याच्या तोंडावर थुंकले. वर बघितलं तर तो मला दोन दिसत होता. दोघांचेही हात पाठीमागे.

पाय आपोआप गेले. मला कोणी स्पर्शही केला नाही. मी मातीत पडले. फेस आला, हातपाय झाडायला लागले ते थोड्या वेळाने, असं मोजणीवाला नंतर म्हणाला. दादाला मागून फक्त मी पडलेली दिसले. आयुष्यभर आम्ही ज्या एका फटक्याची धमकी सगळ्यांना देत आलो, तो फटका बसला असं त्याला वाटलं. त्याने फावडं उचललं. मला शेवटी दिसलं ते हे, की दांडा खाली येत होता आणि चुलतभावाचे हात अजून पाठीमागेच होते. नारळ फुटावा तसा आवाज झाला. मग काकीची किंकाळी, आणि पुढचं मला आठवत नाही.

पनवेलच्या हॉस्पिटलात आम्ही दोघं एकाच मजल्यावर होतो. माझी नळी बदलली. त्याची कवटी उघडून आतलं रक्त काढलं. दादा लॉकअपमध्ये. मी शुद्धीवर आले तर आई उशाशी बसलेली, आणि तिने पहिलं वाक्य विचारलं नाही, सांगितलं.

"पोलीस येतील. सांगायचा, आधी त्यानं तुज्या डोक्यात मारलान, मंग दादानं मारला."

मी म्हटलं, "आये, त्याने नाही मारलं."

"तुला काय ठाव? तू पडलीवतीस." मग माझा हात घट्ट दाबून म्हणाली, "सगळा गाव मानंल. तुजी नळी सगल्यांना ठाव हाय. दादाची पोरा लहान हायत गो. तुज्यासाठी मारलान त्यानं."

ते खरं होतं. तेच मला खात होतं. माझ्यासाठीच मारलं होतं त्याने, आणि मी एक शब्द बोलले की तो सुटण्याची आशा होती, नाही बोलले की तो बुडाला. खोटं मला नवीन नव्हतं. ते डोकं पुढे करून मी आजवर दुसरं काय केलं होतं?

दुपारी आई खाली औषधं आणायला गेली तेव्हा काकी आत आली. मी डोळे मिटून घेतले. वाटलं, आता ही शिव्या देईल, गळा धरेल, धरू दे. तिने माझ्या बँडेजच्या कडेला, जिथे केस भादरले होते तिथे, दोन बोटं टेकवली. "दुकतंय का गो?" मी मान हलवली. "माजा अजून बोलत नाय," ती म्हणाली. आणि परत त्याच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसली. एवढंच. मी उशी दातात धरून रडले. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

संध्याकाळी बाई हवालदार आल्या. आई पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. बाईंनी विचारलं, आधी कोणी मारलं?

"मला कोणी मारलं नाही," मी म्हटलं. "चार दिवस नळी तुंबली होती. मी लपवलं. मी आपोआप पडले. त्याचे हात पाठीमागे होते."

"पाठीमागे म्हणजे?"

"म्हणजे पाठीमागेच. मी समोर असले की तो ते पुढे आणायचाच नाही."

त्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं, माझी सही घेतली आणि गेल्या. त्या सहीमुळे दादा अजून कोर्टाच्या फेऱ्यांत आहे. मध्ये कित्येक महिने आत होता, आता बाहेर असला तरी माझ्याशी बोलत नाही. चुलतभाऊ जगला. डावा पाय ओढत चालतो, शब्द शोधत बोलतो, आणि डॉक्टरांनी काकीला बजावलंय की याच्या डोक्याला मार लागता कामा नये. भिंतीपलीकडून मला ऐकू येतं, ती नातवंडांना सांगत असते, बाबाच्या डोक्यावर नाय हां, डोक्यावर नाय.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी हवालदार बाई दाराबाहेर गेल्या आणि आई पायथ्याकडून उशाशी आली. मला वाटलं पाणी देतेय. तिने सगळा जीव एकवटून माझ्या डोक्यावर मारलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. कानात शिट्टी वाजली. छत्तीस वर्षांत डोक्यावर खाल्लेला तो माझा पहिला मार. नर्स धावत आली, तिने आईला धरून मागे ओढलं. मी डोक्यावर हात फिरवून बघत होते.

टाके उजवीकडे होते. तिने तिन्ही वेळा डावीकडे मारलं होतं.