हिरव्या पाण्याच्या दहा बाटल्या

कुणाच्या फाटकाशी रंगीत पाण्याची बाटली दिसली की मी अजूनही थांबते. वाकून तिचं बूड बघते, झाकण घट्ट आहे का ते बघते. घरातली माणसं हसतात. निपाणीच्या कडेच्या एका गल्लीतलं ते प्रकरण ज्यांना माहीत नाही ते हसणारच.

मी होमगार्ड होते. पोलीस म्हणून नेमणूक नव्हती, पण खाकी घालून बरीच वर्षं पोलिसांच्या बरोबरीने उभी राहिले. जत्रा, निवडणूक, मिरवणूक, सगळे बंदोबस्त केले. आणखी एक काम मला वरचेवर मिळे. बाईची चौकशी शक्यतो तिच्या घरी करायची आणि त्या वेळी जवळ बाई हजर पाहिजे, असा दंडक आहे. महिला पोलीस दुसऱ्या कामावर असली की ठाण्यातून मला निरोप येई. प्रश्न साहेबांनी विचारायचे, जबाब रायटरने लिहायचा, मी नुसतं शेजारी बसायचं. बोलणं मला कधी फारसं जमलं नाही, त्यामुळे हे काम मला बरं वाटायचं.

उन्हाळा सुरू झाला होता. त्या गल्लीत आठवड्याच्या आत चार कुत्री मेली. पहिला मेला तो एका टुरिस्ट गाडीच्या ड्रायव्हरचा तांबूस कुत्रा. मग दोन मोकाट, आणि त्यानंतर कोपऱ्यावरच्या मास्तरांचं पांढरं, केसाळ पिल्लू. चौघांचं मरण एकसारखं होतं. आधी ताडी प्यायल्यासारखं झोकांड्या खायची आणि पाणी पीत सुटायची. दुसऱ्या दिवशी जरा बरी वाटायची. मग लघवी बंद व्हायची, ओकाऱ्या सुरू व्हायच्या आणि संपायची.

ड्रायव्हरने ठाण्यात लेखी तक्रार दिली. त्याच दुपारी एक निनावी फोन आला. "शाळेत जेवण करणारी बाई कुत्र्यांना इख घालती," एवढंच बोलून फोन ठेवला.

ती बाई विधवा होती, त्याच गल्लीत भाड्याच्या खोलीत एकटी राहायची आणि जवळच्या प्राथमिक शाळेत मुलांचा दुपारचा स्वयंपाक करायची. कुत्र्यांवर तिचा राग होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या तीन कोंबड्या कुत्र्यांनी नेल्या, तेव्हा ती रस्त्यात उभी राहून ओरडली होती, "एकेकाला घालवल्याबिगर ऱ्हाणार न्हाय!" हे अर्ध्या गल्लीने ऐकलं होतं. मास्तरांच्या बायकोने पहाटे तिला एका लंगड्या कुत्रीपुढे कागदावर काहीतरी ठेवताना पाहिलं होतं. खोलीची झडती झाली तेव्हा फळीवर उंदराच्या औषधाची अर्धी पुडी सापडली. पंचनाम्यात ती लिहिली गेली. कागदावर सगळं जुळत होतं.

आणखी एक गोष्ट लोक बोट दाखवून सांगत होते. कुत्री येऊ नयेत म्हणून आपल्याकडे दारात रंगीत पाण्याची बाटली ठेवतात. पूर्वी नीळ कालवत, कुणी कुंकू टाकत. त्या गल्लीत ओळीने प्रत्येक दाराशी हिरव्यागार पाण्याची बाटली होती. एवढा झळझळीत रंग मी कुठे पाहिला नव्हता. फक्त या बाईच्या दारात बाटली नव्हती.

"तिला कशाला लागतीया बाटली?" एक म्हातारी म्हणाली. "ती औषधच घालती की!"

गोष्ट कुत्र्यांवर थांबली असती तर वेगळं. पण दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात आया गोळा झाल्या. जिचे हात विष कालवतात तिच्या हातचं आमची पोरं खाणार नाहीत, असं त्यांनी मुख्याध्यापिकेला, म्हणजे बड्या बाईंना, सांगितलं. बड्या बाई म्हणाल्या, चौकशी होईपर्यंत तुम्ही स्वयंपाकघरात येऊ नका. त्या दिवशी मुलांनी बिस्किटं खाल्ली. बाईच्या नावावर गुन्हा दाखल झाला असता तर ते स्वयंपाकघर तिला कायमचं बंद होतं.

साहेब चिकोडीकडचे, मातृभाषा कन्नड, पण मराठी चांगलं बोलत. तिच्या खोलीत खुर्चीवर बसून त्यांनी विचारलं, "मावशी, पहाटे कुत्र्याला काय घातलं?"

तिने मान खाली घातली.

"भाकरी? भात? त्यात काय मिसळलं?"

ती खाली बघत राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि सोडायची.

"हे बघा, गप्प बसला तर मी काय लिहायचं? लोक म्हणतात तेच लिहू?"

तासाभराने साहेब उठले. बाहेर येऊन रायटरला म्हणाले, "लपवती आहे काहीतरी. एवढं नक्की." ते खरंच होतं. ती लपवत होती. पोलिसांची चूक इथेच होते. लपवणारा माणूस दिसला की आपण शोधतोय तेच तो लपवतोय असं धरून चालतात.

लोक चिडलेले होते. कुणी हात उचलेल म्हणून साहेबांनी मला दिवसभर तिच्या दारात बसवलं. पहिल्या दिवशी ती आत, मी उंबऱ्यावर. दुसऱ्या दिवशी तिने सुपात लसूण घेतला आणि सोलायला बसली. मी सूप माझ्याकडे थोडं ओढलं आणि मीही सोलायला लागले.

मग तीच म्हणाली, "आक्का, तुमास्नी घर हाय न्हवं?"

"हाय की."

"मग इथं कशाला बसलायसा उन्हात?"

"ड्यूटी हाय."

ती किंचित हसली. पाच-सात पाकळ्या सोलून झाल्यावर खालच्या आवाजात म्हणाली, "भात व्हता त्यो. शाळंचा. भांड्याच्या बुडाला लागल्याला. लंगडीला पिल्लं झाल्यात, चार. आधी शिव्या घातल्या मी, मग पिल्लं बघितली अन् ऱ्हावलं न्हाय."

"मग सायबांस्नी का सांगितलं न्हाईस?"

"शाळंचं अन्न भायेर न्यायचं न्हाय, असं लिवून लावलंय भिंतीवर. काम गेलं तर?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. विषाचा आळ अंगावर घेतला होता, पण खरवडीच्या भाताची चोरी सांगायला ती घाबरत होती. बाहेरच्या माणसाला हे खुळेपण वाटेल. मला वाटलं नाही. आयुष्यभर खाली मान घालून काम केलेल्या बाईला मोठा आळ कळतच नाही. जो नियम रोज समोर भिंतीवर दिसतो त्याचीच भीती खरी वाटते.

"लंगडी कुठं हाय आता?" मी विचारलं.

"ती काय, ड्रायव्हरच्या गाडीपाशी."

मी वर पाहिलं. ऊन चांगलंच चढलं होतं. ड्रायव्हरच्या फाटकाशी हिरवी बाटली होती आणि ती काळी कुत्री पुढचे पाय पसरून त्या बाटलीचं बूड चाटत होती. एकसारखी, गोड लागल्यासारखी.

ज्या बाटलीला कुत्र्यांनी भ्यायचं तीच ही कुत्री चाटत होती. मला एकदम कळलं असं म्हणणार नाही. आधी नुसतं विचित्र वाटलं. मग उठून गेले, कुत्रीला हाकललं आणि वाकून बघितलं. बाटलीचं बूड आखडून वाकडं झालं होतं, कडेला बारीक चीर होती आणि खाली फरशीवर हिरवा चिकट ओघळ होता.

साहेबांना हे सांगायचं म्हणजे मला संकट. मी साधी होमगार्ड, पंचनाम्यात पुडी सापडलेली, आणि मी बाटलीचं काय सांगणार? फोन हातात घेऊन मी दोनदा परत खिशात ठेवला. तेवढ्यात लंगडी दोन पावलं चालली आणि तिचं मागचं अंग कलंडलं. मग मी फोन लावला.

साहेब जीप घेऊन आले. त्यांनी ड्रायव्हरला बाहेर बोलावलं. "ह्यात काय आहे?"

"पाणी हाय, सायेब. गाडीचं. रेडिएटरचं."

"नुसतं पाणी?"

"कूलंट हाय त्यात. कोकणात ट्रिपा असत्यात, घाटात इंजन तापतंय, म्हणून मी सोताच बदली केलं. जुनं काढल्यालं टाकून कशाला द्यायचं? निळीचा रंग उन्हात चार दिसात उडतोय. ह्याचा उडत न्हाय बघा. दहा बाटल्या भरल्या अन् सगळ्यांस्नी वाटल्या. गाडीच्या टायरवर लई घाण करत्यात कुत्री."

"वाटल्या," साहेब म्हणाले.

"व्हय. आपलीच माणसं हाईत की."

तो अभिमानानेच सांगत होता. साहेबांनी बोटाने बाटलीचं वाकडं बूड दाखवलं. "हे असं कशानं झालं?"

"गरम असताना वतलं जरा, म्हणून..." त्याचं लक्ष बाटलीवरून ओघळावर गेलं, ओघळावरून भिंतीतल्या कडीवर. कडीला अजून साखळी लोंबत होती. त्याचा तांबूस कुत्रा तिथेच बांधलेला असायचा, त्या बाटलीपासून हातभर अंतरावर.

स्वयंपाकीण बाई सूप तसंच टाकून धावत आली होती. लंगडीचं डोकं मांडीवर घेऊन ती ड्रायव्हरला म्हणाली, "अण्णा, बघत काय ऱ्हायलास रं? गाडी काढ की!"

ज्याच्या तक्रारीवरून तिची चौकशी सुरू होती त्याने त्या मोकाट कुत्रीला उचललं आणि ज्या सीटवर तो चप्पल काढून बसायला सांगायचा त्या सीटवर ठेवलं. बाई शेजारी बसली. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मीही गेले, एक भरलेली बाटली पिशवीत घालून.

डॉक्टरांना पहिल्यापासून शंका होती. मास्तरांच्या पिल्लाची त्यांनी चिरफाड केली होती. मूत्रपिंडं निकामी झालेली होती, उंदराच्या औषधाची खूण नव्हती. नमुने बेळगावला गेले होते, अहवाल यायचा होता. बाटली बघताच ते म्हणाले, "हेच ते. हे चवीला गोड असतं, जनावर आवडीनं चाटतं. थोडंसंही पुरतं. मांजराला तर त्याहून कमी." लंगडीला सलाईन लावता लावता त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मी वहीत लिहून ठेवली आहे. झोकांड्या थांबल्या की माणसाला वाटतं जनावर सुधारलं. तसं नसतं, आत मूत्रपिंड जळत असतं. चाटल्याचा संशय जरी आला तरी त्याच तासाला आणायचं, बरं वाटायची वाट बघायची नाही. "चौघांपैकी एकही कुणी जिवंतपणी आणलं नाही," ते म्हणाले. "एक पिल्लू आणलं, तेही मेल्यावर."

ड्रायव्हर भिंतीला टेकून उभा होता. "दुसऱ्या दिशी शेपूट हलवत हुता, डॉक्टर," तो म्हणाला. "मला वाटलं, झिंग उतरली."

परत येऊन साहेबांनी बाटल्या गोळा करायला लावल्या. मीच घरोघर फिरले. नऊ मिळाल्या. ड्रायव्हरने दहा सांगितल्या होत्या.

"दहावी कुणाला दिली?"

त्याला आठवेना. कपाळाला हात लावून तो बसला. उत्तर बाईने दिलं, आणि ते देताना तिचा आवाज चिरकला. "शाळंत हाय! पोरं हात धुत्यात त्या नळाजवळ. खरकट्याला कुत्री येत्यात म्हणून शिपायानं नेली हुती."

जी बाई दोन दिवस साहेबांपुढे एक शब्द बोलत नव्हती ती रस्त्यातून ओरडत पुढे धावत होती आणि आम्ही वर्दीतली माणसं तिच्या मागे. तिला बंद केलेल्या त्या शाळेच्या फाटकातून ती सरळ आत शिरली. बाटली नळाच्या कट्ट्यावर उन्हात उभी होती. झाकण सैल होतं, पण बूड शाबूत होतं. तिने झाकण पिळून घट्ट केलं आणि बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरली. बड्या बाई व्हरांड्यात उभ्या राहून बघत होत्या.

गुन्हा कुणावरच दाखल झाला नाही. पुढे बेळगावचा अहवाल आला, त्यातही तेच निघालं, आणि फाईल बंद झाली. ओघळ पडलेल्या जागांवर वाळू टाकून ती खरवडून काढली, जागा भरपूर पाण्याने धुतल्या, आणि बाटल्या गॅरेजच्या बंद डब्यात जमा केल्या. कूलंटचा शिल्लक कॅन ड्रायव्हरने कुलपात ठेवला.

भाताचं मी साहेबांना सांगितलं. ते रायटरला म्हणाले, "हे लिहू नको." मग मला म्हणाले, "तुम्ही तिच्याकडून काढलं कसं?"

"लसूण सोलला, सायेब," मी म्हणाले.

बाटल्या गोळा केल्यानंतर तिसऱ्या दिवशी शाळेत पुन्हा चूल पेटली. आया फाटकात उभ्याच होत्या. आत जाऊ द्यायचं की नाही हे एकमेकींकडे बघून ठरवत होत्या. ड्रायव्हर आला. त्याच्या हातात घरचं ताट होतं. त्याने मुलांच्या पंगतीत शेवटी मांडी घातली, ताट पुढे केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वाढ आक्का, भूक लागलीया." बाईने वाढलं. तो जेवला. माफी त्याने कधी तोंडाने मागितली असेल असं मला वाटत नाही.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी वर्दी काढायच्या आधी मोरीत गेले. थंड पेयाच्या बाटलीत फिनेल भरून मी तिथे ठेवलं होतं, कित्येक वर्षं. शेजारी चहाच्या जुन्या कपात झुरळाचं औषध. दाराशी मांजर पाय चाटत बसलं होतं. इतके दिवस मी दुसऱ्यांच्या फळ्यांवरच्या पुड्यांचे पंचनामे बघत होते. माझ्या मोरीचा कुणी केला नव्हता.

या प्रकरणात वाईट मनाचं माणूस मला एकही सापडलं नाही. सापडलं असतं तर काम सोपं होतं. ज्याने विष दिलं त्याने शेजाऱ्यांना मदत म्हणून दिलं होतं, आणि दहापैकी नऊ दारांत ते लोकांनी खुशीने ठेवून घेतलं होतं. बाटली फक्त एका दारात नव्हती, कारण त्या बाईला कुणी दिलीच नव्हती. ती एकटी निर्दोष असल्याचा तोच पुरावा होता. आम्ही सगळ्यांनी तो तिच्या विरुद्ध धरला.

लंगडी वाचली. पिल्लंही जगली. त्यातलं एक ड्रायव्हरने नेलं आणि त्याच कडीला बांधलं. जवळ आता पाण्याचं एक मातीचं भांडं असतं. शाळेला जाता जाता बाई त्यातलं पाणी ओतते, भांडं पदराने पुसते, आपल्या कळशीतलं पाणी भरते, आणि पिल्लू पिईपर्यंत थांबून बघते.