वहिनी, मी बघितलं होतं

शोभावहिनी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी संगणकावर कुणाच्या तरी वास्तुशांतीची पत्रिका बनवत होतो. पलीकडून दादा, माझा थोरला भाऊ, नुसतं "आरं..." म्हणाला आणि थांबला. तेवढ्यावर कळलं. माझी बोटं आपोआप विंडोज आणि डी या बटनांवर गेली आणि पडद्यावर उघडलेल्या सगळ्या खिडक्या एका झटक्यात खाली गेल्या. दुकानात तर कुणीच नव्हतं. मग मी कुणापासून काय लपवत होतो...

कळंबच्या बसस्टँडजवळ आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बारशाच्या पत्रिका, पुण्यस्मरणाचे फ्लेक्स. दादा एसटीत कंडक्टर, त्यामुळं दुकान आम्ही दीर-भावजयच सांभाळायचो. मी माऊस फिरवत बसलो की वहिनी वैतागायच्या. "भाऊजी, त्या उंदराची शेपटी सोडा आता. गिऱ्हाईक म्हातारं व्हायलंय." बटनांवर काम करायला मला त्यांनीच शिकवलं. ऑल्ट दाबून टॅब मारला की मागची खिडकी पुढं. विंडोजसोबत डावा-उजवा बाण मारला की दोन कामं अर्ध्या-अर्ध्या पडद्यावर शेजारी. त्यांची बोटं एवढी हलकी चालायची की आवाजसुद्धा यायचा नाही.

या विद्येची खरी परीक्षा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत व्हायची. एकाच गावची दोन्ही पॅनेलं पत्रकं आमच्याकडंच करायची, आणि एकाचं काम चालू असताना दुसरा कधी आत शिरेल याचा नेम नसायचा. दारात चप्पल वाजेपर्यंत वहिनींनी खिडकी बदललेली असायची. एकदा एक उमेदवार मान लांब करून म्हणाला, "वहिनी, त्यांनी पाण्याच्या टाकीचं लिवलंय का वो?" वहिनी म्हणाल्या, "टाकीचं न्हाय, तुमी लई चहा पिता एवढंच लिवलंय. बसा, सांगते चहा." तो हसत बसला. ज्याचं काम त्यालाच दिसावं, हा त्यांचा नियम. आमच्या दोघांतही तोच चालायचा. दुसऱ्याच्या पडद्यावर चुकून नजर गेलीच, तर गेली नाही असं समजायचं. आमचं दुकान त्याच विश्वासावर चाललं.

गेल्या वर्षी श्रावणात मी चहा घेऊन त्यांच्या मागं आलो. पडद्यावर मराठीत शोधलेलं होतं : छातीत गाठ, पण दुखत नाही. मी पुरतं वाचलं. वहिनींनी ऑल्ट-टॅब केलं आणि बारशाची पत्रिका पुढं आली. मागं न बघता त्यांनी विचारलं, "भाऊजी, ह्यात आत्याचं नाव वर घ्यायचं का खाली?"

मी म्हणालो, "वरच घ्या."

एवढंच बोललो मी. भावजयीच्या अंगातल्या दुखण्याविषयी दिरानं तोंड कसं उघडायचं, हा संकोच होताच. पण संकोच आड येत होता तर बायकोला सांगता आलं असतं, दादाला सांगता आलं असतं. मी स्वतःची समजूत घातली की त्यांनी खिडकी झाकली आहे, म्हणजे मी ती उघडायची नाही. पुढं त्या कागदाचे गठ्ठे उचलताना डावा हात जपू लागल्या. मी गठ्ठे उचलून द्यायला लागलो. त्या म्हणायच्या, "लई गुणाचे झालात." मी हसायचो. दिवाळी गेली, लगीनसराई आली, कामाचा ढीग पडला. दादाला कळलं तेव्हा उशीर झालेला होता.

शेवटचा भेटलो तो सोलापूरच्या दवाखान्यात. दादा खाली औषधं आणायला गेला होता. वहिनींनी एकदम विचारलं, "भाऊजी, त्या दिवशी तुमी बघितलं व्हतं ना?"

मी म्हणालो, "काय वहिनी?"

तेव्हासुद्धा! त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "मला वाटलं, तुमी ह्यांना सांगताल. माझ्या तर तोंडातून निघंना." दादा औषधं घेऊन आला आणि त्यांनी विषय बदलला, दुकानातल्या प्रिंटरचं काहीतरी विचारलं. मी उत्तर देत राहिलो.

दहावं, तेरावं झालं. दादा रोज ड्युटीवरून सुटला की दुकानात येऊन वहिनींच्या खुर्चीत बसायचा. एकदा म्हणाला, "तू तर दिवसभर संगंच असायचास. काहीच कसं कळलं न्हाय रं तुला?" मी म्हणालो, "त्या काही बोलल्या नाहीत." हे खरंच होतं... आणि खरं बोलूनही इतकं खोटं बोलता येतं, हे मला त्या दिवशी समजलं.

गेल्या महिन्यात हा मजकूर इथपर्यंत लिहिला आणि दादाला म्हणालो, "वाच." त्यानं चष्मा लावला, पडद्याजवळ सरकला. हळूहळू, ओठ हलवत वाचलं. मग विचारलं, "श्रावणात?"

"व्हय."

तो उठला. वहिनींची गादीची खुर्ची त्यानं दोन्ही हातांनी उचलली आणि दाराकडं निघाला. खुर्ची दारात अडकली. मी पुढं होऊन एक बाजू धरायला गेलो, तर म्हणाला, "तू राहू दे." तिरकी करून त्यानंच ती बाहेर काढली. पायरीवर थांबून, माझ्याकडं न बघता म्हणाला, "छापायला दे. बायका वाचतील."

त्यानंतर दादा दुकानात आलेला नाही.